पाणी रस्त्यावर यायच्या आधी

तुझं सासर पंचगंगेच्या काठावर, माझं कृष्णेच्या. तुझं लग्न ठरवताना आपल्या घरच्यांनी मुलगा पाहिला, घर पाहिलं, ऊस किती एकर ते विचारलं. पुरात गोठा कुठं हलवता, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आता मृग लागायला फार दिवस राहिले नाहीत. तुझ्या हाताखाली चार म्हशी, दोन गाई, त्यांची रेडकं-वासरं आणि सासूबाईंच्या शेळ्या आहेत. म्हणून पहिला पाऊस पडायच्या आधी तुझ्याशी हे बोलून घेते. हातातलं काम ठेव आणि जरा निवांत ऐक.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. पाणी घरात कधी शिरतं याकडे डोळे लावून बसू नकोस, रस्त्यावर कधी येतं ते बघ. आपल्या भागात नदी समोरून येत नाही, ओढ्यातून मागच्या दारानं येते. नदीला फुगवटा आला की ओढ्याचं पाणी तुंबतं आणि उलटं फिरतं. मळीचं रान जातं, मग गावाबाहेरची मोरी जाते. घर अजून कोरडं असतं, चूल पेटलेली असते, म्हशी निवांत रवंथ करत असतात आणि गावाचा रस्ता मात्र बंद झालेला असतो. माणसं नंतर बोटीनं तरी निघतील. म्हैस बोटीत चढवता येत नाही गं. मोरीवर पाणी चढलं की गोठा हलवायची वेळ गेली, असंच समज.

तुमच्याकडचा आकडा राजाराम बंधाऱ्याचा. तिथं 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी. आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाला हेच 40 आणि 45. लोक धोका पातळीची वाट बघत बसतात. तू 39 हाच जनावरं हलवायचा आकडा धर, आणि तुमचं घर खालच्या आळीत आहे म्हणून त्याच्याही आधी. राधानगरी धरणाचे 7 स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यातले काही उघडल्याची बातमी आली की ते पाणी तुमच्यापर्यंत यायला काही तास लागतात. ते तास टीव्हीपुढं घालवायचे नाहीत. आणि नरसोबाच्या वाडीत दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी मंदिरातून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की आमच्याकडची म्हातारी माणसं आपोआप वैरणीकडे बघायला लागतात. पावसाळ्यात ते बऱ्याचदा होतं, दरवेळी पूर येतो असं नाही. पण त्या दिवशी ट्रॅक्टर कुणाचा मिळेल, ट्रॉली कुठं उभी आहे, एवढं बोलून ठेवायला काय हरकत आहे?

तुझे सासरे म्हणतील, "2005 ला आपल्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं." हे वाक्य नदीकाठच्या प्रत्येक घरात आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 2005 च्या खुणा ओलांडून गेलं. राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेलं, सांगलीत 57 च्याही वर. मग दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, कोल्हापुरात पुन्हा तेवढंच आलं. तेव्हा भिंतीवरची जुनी खूण दाखवून कुणी तुला गप्प करू लागलं, तर गप्प बसू नकोस. नवी सून आहेस, मोठ्यांपुढं बोलायला संकोच वाटेल, हे मला कळतं. पण धार तू काढतेस, शेण तू काढतेस, कोणती म्हैस कितव्या महिन्यात आहे हे तुला ठाऊक आहे. गोठ्याबद्दल बोलायचा हक्क तुझा आहे. आदबीनं बोल, पण बोल.

आणि एक गोष्ट त्यांना नीट समजावून सांग. जनावर आणि माणूस, आधी कोण, हा वाद पुरात खोटा असतो. माणसं घर सोडत नाहीत ती बऱ्याचदा जनावरांपायीच. घरातली बायका-पोरं गेली तरी एक म्हातारा माणूस गोठ्यात मागं राहतोच, "म्हशींना टाकून कुठं जाऊ?" म्हणतो, आणि मग त्याला आणायला अंधारात बोट पाठवायची वेळ येते. ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला बोट उलटून केवढी माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. बोटीवर यायची वेळच येऊ नये, यासाठी सगळी धडपड. गोठा वेळेत रिकामा झाला की माणसं आपण होऊन निघतात. प्रयाग चिखलीची मंडळी आता पाणी वाढायला लागलं की जनावरं घेऊन सोनतळीला जातात, कुणी ढकलायची वाट बघत नाहीत. अमेरिकेत 2005 साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे कितीतरी लोक कुत्र्या-मांजरांना सोडायला तयार नव्हते म्हणून पाण्यात अडकून राहिले. पुढच्याच वर्षी तिथं कायदा झाला की लोकांना हलवायच्या आराखड्यात त्यांच्या पाळीव जनावरांचाही विचार हवा. जीव लावलेल्या जनावराला सोडून जाणं जगात कुठंच कुणाला जमत नाही.

आता प्रत्यक्ष हलवायचं कसं, ते सांगते, कारण तिथंच सगळा गोंधळ होतो. म्हैस ट्रॉलीत सहजासहजी चढत नाही. 2021 ला आमच्या मुऱ्हानं पुढचे दोन्ही पाय फळीवर रोवले आणि मागं रेटा दिला तो दिलाच. चार माणसं मागून ढकलतायत, एक जण शेपूट पिरगाळतोय, पाऊस तोंडावर मारतोय, आणि ती डोळे पांढरे करून नुसती फुसफुसतेय. शेवटी माझ्या जाऊबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं. फळीवर आणि ट्रॉलीत पोतं-पोतं वाळू पसरली, वर पाचट टाकलं. ओल्या लोखंडी पत्र्यावर खूर घसरतो आणि एकदा घसरली की म्हैस पुन्हा पाय टाकत नाही. मग तिचं रेडकू उचलून आत नेलं आणि पुढच्या कोपऱ्यात तिला दिसेल असं बांधलं. रेडकू ओरडलं. म्हशीनं एकदा मान वर केली, फळी हुंगली आणि आपल्या पायांनी चढली. तेव्हापासून आमच्याकडे आरडाओरडा बंद, काठी बंद. पावसाळ्याआधी दोन-तीनदा रिकाम्या ट्रॉलीत पेंड ठेवून म्हशींना चढ-उतर करायला लाव. गाभण आणि नुकतीच व्यालेली म्हैस, रेडकं आणि शेळ्या पहिल्या खेपेला. चालत जाण्यासारखी जनावरं उजेड असताना, रस्ता कोरडा असताना. वाहत्या पाण्यातून, मग ते गुडघाभर का असेना, जनावर नेऊ नकोस. पाण्याखाली रस्त्याचा भराव कुठं खचलाय ते दिसत नाही.

दाव्याची गाठ आजच बघ. निरगाठ मारायची सवय असेल तर मोड. सुरगाठ मार, एका हिसक्यात सुटते. भिजलेल्या सुताच्या दाव्याची निरगाठ अंधारात कुणाच्या बापाला सुटत नाही. साखळ्या असतील तर त्यांचा हूक गंजलाय का बघ आणि गोठ्याच्या आढ्याला एक धारदार कोयता कायम अडकवून ठेव. सगळं करूनही अडकलीच, न्यायला वाट राहिली नाही, तर निघताना दावी काप, वेसणीचा कासरा काढून टाक, गोठ्याचं फाटक सताड उघड आणि मग नीघ. म्हैस चांगली पोहते, गाय-बैलही पोहतात. मोकळं जनावर उंचवटा शोधतं. बांधलेलं जनावर जागच्या जागी मरतं. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. तिकडचा मुलूख दुष्काळाची सवय असलेला, पाणी असं येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि कितीतरी गोठ्यांतली जनावरं दाव्यालाच गेली. कुत्र्याचंही तसंच. घर राखायला म्हणून त्याला साखळीला ठेवून जाऊ नकोस. कोंबड्यांचा खुराडा उघडा ठेव. आणि कडबा-कुट्टीच्या मशीनची वीज सगळ्यात आधी मेनमधून बंद कर. गोठ्यात घोटाभर पाणी आणि त्यात चालू वायर, यानं जनावरांसकट माणूस जातो.

छावणीत पोचलात की सगळं मिटलं असं वाटतं. खरं काम तिथून पुढं सुरू होतं, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगते.

भिजलेलं, गारठलेलं जनावर आधी पोत्यानं खसाखसा पूस. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री लाव. कोमट पाण्यात गूळ कालवून पुढं ठेव, त्याचं त्याला पिऊ दे. नरड्यात नाळ घालून काही पाजू नकोस. दमलेल्या जनावराला ठसका लागतो, औषध फुफ्फुसात उतरतं आणि दोन दिवसांनी ते न्यूमोनियानं जातं. लोक म्हणतात पुरानं गेलं, पण ते पाजण्यानं गेलेलं असतं. खाली बसलेलं, उठत नसलेलं जनावर एका कुशीवर पडू देऊ नकोस. छातीवर बसतं कर, बाजूला पाचटाची पोती लाव आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदल.

दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या म्हशीला पाटीभर पेंड घालायचा मोह होतो. घालू नकोस. आधी सुका कडबा थोडा थोडा, मग हळूहळू बाकीचं. आणि छावणीत भल्या मनाची माणसं टेम्पो भरून चपात्या, भात, ब्रेड, शिळं अन्न घेऊन येतील. त्यांना हात जोड, अन्न माणसांकडे वळव, जनावरांपुढं पडू देऊ नकोस. पोटभर भात किंवा चपात्या खाल्लेल्या म्हशीचं पोट आंबतं, रवंथ थांबतो, ती आडवी होते आणि जाते. पुरातून वाचलेलं जनावर मायेनं मरावं, याच्यासारखं वाईट काही नाही. कुणी काय पाठवू विचारलं तर स्पष्ट सांग: सुका चारा, मुरघास, खनिज मिश्रण, पाण्याच्या टाक्या, ताडपत्री, दोर. मदतीत आलेला कडबा हातात घेऊन वास घे. कुबट वास आला, काळी-हिरवी बुरशी दिसली तर तो फेकून दे. ते विष दुधात उतरतं आणि दूध आपली पोरं पितात.

आपल्याकडे त्या दिवसांत मिळतात ती उसाची वाढी. वाढ्यांवर म्हशी जगतात खऱ्या, पण वाढ्यातला ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतो. नुसत्या वाढ्यांवर पंधरा दिवस काढले की ताजी व्यालेली म्हैस अचानक थंडगार पडून बसते. वाढ्याची कुट्टी करून तिच्यावर चुन्याची निवळी शिंपड, रोज खनिज मिश्रण दे. पुराच्या पाण्याखालून आलेलं गवत गाळानं माखलेलं असतं. ते धुतल्याशिवाय घालू नकोस, आणि सडलेलं तर अजिबात नको. पाण्याचंही तेच. दुभती म्हैस दिवसाला 60-70 लिटर पाणी सहज पिते. चहूकडे पाणीच पाणी आहे म्हणून तिला पुराचं पाणी पाजायचं नाही. टँकर माणसांसाठी येतो तेव्हाच जनावरांचं पाणी मागून घे, नंतर कुणी विचारत नाही.

आणि धार. डेअरीची गाडी येत नाही, दूध घ्यायला कुणी नाही, मग कशाला काढायची, असं म्हणून लोक धार सोडून देतात. तसं करू नकोस. कासेत दूध तुंबलं, खाली चिखल, की कासदाह ठरलेला. दोन वेळा धार काढच. दूध छावणीतल्या पोरांना दे, चहाला दे, उकळून. ज्या म्हशीला इंजेक्शन चालू आहे तिचं मात्र डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत कुणालाच देऊ नकोस. बरं, म्हैस पान्हावणारही नाही पहिले काही दिवस. जागा नवी, आवाज नवे, शेजारी परक्या म्हशी. रागावू नकोस तिच्यावर. रोज त्याच माणसानं, त्याच वेळी, त्याच बाजूनं बस. कासेला कोमट पाण्याचा हात लाव, रेडकू आधी पाजव, तुझं नेहमीचं काय बोलणं असेल ते बोल. नवऱ्याला किंवा दिराला मध्येच बसवू नकोस. तुझा हात तिला ओळखीचा आहे, तेवढाच एक ओळखीचा उरलेला असतो तिला.

पाणी ओसरल्यावर घाईनं परत नेऊ नकोस. गोठ्यातला गाळ आधी काढ, चुना मार, दोन दिवस वारं लागू दे. गंजीत किंवा गव्हाणीत हात घालायच्या आधी काठीनं ढवळ. साप उंच आणि कोरडी जागा धरून बसलेले असतात. बहुतेक वेळा विरोळा किंवा धामण निघते, पण घोणस आणि नागही निघतात, तेव्हा ओळख पटवायच्या भानगडीत पडू नकोस. मारूही नकोस, सर्पमित्राला बोलाव. वनखात्याची 1926 ही हेल्पलाइन आहे. दिवसचे दिवस पाण्यात उभं राहून खुरं मऊ पडतात, बेचकीत सडतात. खुरं धुऊन मोरचुदाच्या पाण्यात उभं कर. जखमेत अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइनचा बोळा आणि मग डॉक्टर.

तू स्वतः गमबूट घातल्याशिवाय त्या चिखलात उतरायचं नाही. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, पायाला साधी चीर असली तरी पुरते. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्रातून विचारून घे. अंगावरचं पोर असेल, दिवस गेलेले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांग.

घटसर्पाची भीती बाळग. म्हशींना तो जास्त लागतो. सडकून ताप, गळ्याखाली सूज, श्वासाची घरघर, आणि दिवसाभरात खेळ संपतो. फऱ्या रोगात तरणं, धडधाकट जनावर अचानक लंगडतं, मागच्या फऱ्यावर सूज येते, दाबली की चरचरते. दोन्हींची लस पावसाळ्याआधीच टोचायची असते. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून पूर आल्यावर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही. तुमच्या दवाखान्यात या आठवड्यात जा. रात्री-अपरात्री 1962 ला फोन लाव, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा तो नंबर आहे.

हे सगळं करूनही एखादं जाईल. मन घट्ट करून दोन गोष्टी लक्षात ठेव. नाका-तोंडातून, शेणाच्या जागेतून काळं रक्त आलेलं असेल तर ते मढं फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, ती काळपुळी असू शकते आणि ती माणसाला होते. आणि पुरण्याआधी फोटो व पंचनामा. फोटोत कानातला बिल्ला दिसला पाहिजे. म्हणून त्या 12 अंकी बिल्ल्याचा आकडा प्रत्येक जनावराच्या फोटोसकट आजच मोबाइलमध्ये आणि एका वहीत उतरवून ठेव, वही माहेरी ठेव. ज्यांच्या कानात बिल्ला नाही त्यांना टोचून घे, राज्यात आता त्याशिवाय भरपाई मिळत नाही. दुभत्या गाई-म्हशीला सरकारी निकषानं 37,500 रुपये आणि ओढकामाच्या बैलाला 32,000 मिळतात. चांगली मुऱ्हा लाखाच्या पुढं जाते, तेव्हा त्या पैशात म्हैस येत नाही, पण सोडूनही द्यायचे नाहीत. पंचनामा लवकर होत नसेल तर पशुवैद्यकांना आणि तलाठ्यांना दोघांनाही लेखी अर्ज दे, पोच घे. पुरताना खड्डा खोल, विहीर आणि ओढ्यापासून लांब, आणि वर चुना.

तुमच्या दारात परकं जनावर लागलं, वाहून आलेली एखादी गाय, भेदरलेली कुत्री, तर ठेवून घे. कानातला बिल्ला असेल तर मालक सापडतो. आपल्या जनावरांपासून मात्र थोडी लांब बांध, निदान दोन आठवडे. भेदरलेल्या कुत्र्याच्या तोंडाजवळ लगेच हात नेऊ नकोस. भाकरी टाक, पाणी ठेव, त्याला येऊ दे. चावलंच तर साबणानं पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी लस घे.

पुरानंतर तुझ्या म्हशी दुधाला कमी पडतील, एखादी गाभ टाकेल, काही महिने माजावर येणार नाहीत. सासरी कुणी म्हणेल, विकून टाका. विकायची घाई करू देऊ नकोस, पुरानंतर बाजारात भाव पडलेला असतो आणि व्यापाऱ्यांना आपली नड कळते. जंतांचं औषध दे, खनिज मिश्रण चालू ठेव, पुढच्या वेतापर्यंत धीर धर.

आमचा वरचा गोठा मोकळाच आहे, सहा जनावरं आरामात राहतील. यांच्याशी बोलून झालंय माझं, पाचटही बाजूला काढून ठेवलंय. तुझ्या सासऱ्यांना सांग, 39 फूट व्हायच्या आधीच, फोन न करता ट्रॉली आमच्याकडे वळवायची. आणि उद्या दवाखान्यात लसीचं विचारून झालं की मला कळव, बिल्ले नसलेली किती निघाली तेही सांग.